पृष्ठफळ काढताना आधी पृष्ठे मोजावीत

माध्यमिक वर्गांत पृष्ठफळाचा पाठ सुरू झाला की बहुतेक वह्यांच्या शेवटच्या पानावर सूत्रांचा तक्ता उतरवला जातो, आणि त्यानंतरचे सारे गणित त्या तक्त्यातील योग्य ओळ शोधण्यापुरते उरते. घन, इष्टिकाचिती (खोक्याचा आकार) आणि वृत्तचिती (गोल डब्याचा आकार) यांची सूत्रे तोंडपाठ असलेला विद्यार्थीही ‘झाकण नसलेली पेटी’ किंवा ‘दोन्ही बाजूंनी उघडा पाइप’ असे शब्द दिसले की अडखळतो, कारण त्याच्या तक्त्यात तशी ओळच नसते. माझ्या मते हा तक्ता पाठाच्या आरंभी देऊच नये. विद्यार्थ्याने प्रथम वस्तूला कोणकोणती पृष्ठे आहेत हे मोजावे, त्यांपैकी कोणती हिशेबात घ्यायची हे ठरवावे आणि मगच गुणाकाराला हात घालावा. हा क्रम अंगवळणी पडला की सूत्रे आपोआप तयार होतात, आणि एखादे विसरले तरी ते परीक्षेच्या कागदावर दोन मिनिटांत पुन्हा मांडता येते.

त्रिमितीय वस्तूच्या सर्व पृष्ठांच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे त्या वस्तूचे एकूण पृष्ठफळ. वस्तूला कागद गुंडाळायचा, रंग द्यायचा किंवा पत्र्यापासून ती बनवायची असेल तर पृष्ठफळ लागते. तिच्यात पाणी किंवा धान्य किती मावेल हे हवे असेल तर घनफळ लागते. पृष्ठफळ चौरस सेंटिमीटर, चौरस मीटर किंवा चौरस फूट अशा एककांत येते. बाजू ६ सेमी असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ × ६ × ६ = २१६ चौसेमी आणि घनफळही ६ × ६ × ६ = २१६ घसेमी येते. आकडे सारखे असले तरी पहिल्या गुणाकारातील एक ६ हा पृष्ठांची संख्या आहे आणि दुसऱ्यातील तिन्ही ६ या लांब्या आहेत. एकक न लिहिण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यासमोर हे उदाहरण अवश्य ठेवावे.

खोका उलगडणे

आरंभ पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यापासून करावा. नागपुरात संत्रा बर्फीचा खोका घरोघरी सापडतो, तो चालेल. त्याचे झाकण वेगळे असेल तर ते बाजूला ठेवून टूथपेस्टचा किंवा साबणाचा बंद खोका घ्यावा. खोक्याला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू असतात हे बोट फिरवून मोजून घ्यावे. त्यानंतर कडांवरून कात्री चालवून खोका एकसंध राहील अशा बेताने सपाट करावा. अशा सपाट आकृतीला घडण म्हणतात. सहा पृष्ठे एकमेकांना जोडलेली राहण्यासाठी पाच कडा शाबूत राहाव्या लागतात, म्हणून कापाव्या लागणाऱ्या कडा नेहमी सातच असतात, मग कात्री कुठूनही चालवा. खोक्याच्या आत चिकटवण्यासाठी दुमडलेल्या पट्ट्या असतात, त्या पृष्ठफळात धरायच्या नाहीत, कारण त्या दुसऱ्या पृष्ठाच्या मागे लपलेल्या असतात. खोके बनवणाऱ्या कारखान्याला मात्र त्या पट्ट्यांचा पुठ्ठाही मोजावा लागतो, एवढे विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.

समजा खोका २० सेमी लांब, १२ सेमी रुंद आणि ५ सेमी उंच आहे. घडणीतील प्रत्येक आयतावर त्याची मापे लिहिली की समोरासमोरच्या जोड्या लगेच दिसतात. वरचे आणि खालचे पृष्ठ २० × १२ = २४० चौसेमीचे, पुढचे आणि मागचे २० × ५ = १०० चौसेमीचे, आणि डावे व उजवे १२ × ५ = ६० चौसेमीचे. तीन वेगवेगळ्या पृष्ठांची बेरीज ४०० होते आणि प्रत्येकाची जोडी असल्यामुळे एकूण पृष्ठफळ ८०० चौसेमी येते. इष्टिकाचितीचे एकूण पृष्ठफळ = २ × (लांबी × रुंदी + रुंदी × उंची + लांबी × उंची) हे सूत्र म्हणजे नुकत्याच केलेल्या कामाची नोंद आहे. घनात सहाही पृष्ठे एकसारखे चौरस असल्यामुळे ६ × बाजूचा वर्ग एवढेच उरते. घनाच्या एकमेकींपासून खरोखर वेगळ्या अशा ११ घडणी असतात. त्या चौकटीच्या कागदावर शोधून काढण्यात एखादी तासिका गेली तरी ती वाया जात नाही.

उत्तराचा अंदाज घेण्याची एक युक्ती येथेच शिकवावी. सहाही पृष्ठे सर्वांत मोठ्या पृष्ठाएवढी असती तर पृष्ठफळ ६ × २४० = १४४० आले असते, आणि सर्वांत लहान पृष्ठाएवढी असती तर ६ × ६० = ३६० आले असते. खरे उत्तर या दोन संख्यांच्या मधेच असायला हवे. ज्याने तिन्ही मापांचा गुणाकारच केला त्याचे १२०० किंवा ज्याचे दोनाने गुणायचेच राहिले त्याचे ४०० या चाळणीतून सुटेल हे खरे, पण ज्याने चुकून दोनदा दोनाने गुणले त्याचे १६०० पकडले जाते. ज्या खोक्याची मापे एकमेकांच्या जवळपास असतात तेथे ही चाळणी बरीच बारीक होते.

कूलरचा हिशेब

होळी आटोपली की नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, पुसले जातात, गंजलेला पत्रा घासून रंगवला जातो आणि वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या बदलल्या जातात. ‘कोणती पृष्ठे मोजायची’ हा प्रश्न शिकवायला याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, कारण कूलर इष्टिकाचितीच्या आकाराचा असूनही इष्टिकाचितीचे सूत्र त्याच्या एकाही कामाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

समजा पत्र्याचा एक कूलर ७० सेमी रुंद, ६० सेमी खोल आणि १०० सेमी उंच आहे. पुढच्या बाजूस पंख्यासाठी ४२ सेमी व्यासाचे गोल भोक आहे. उरलेल्या तीन उभ्या बाजूंना ताट्यांच्या खिडक्या आहेत: मागची ६० × ७५ सेमीची आणि दोन्ही कुशींच्या ५० × ७५ सेमीच्या. आता दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात.

पहिला प्रश्न ताट्यांचा. वाळा किंवा गवत फक्त तीन खिडक्यांत भरायचे आहे. छत, तळ आणि पुढची बाजू यांचा येथे संबंध नाही. मागची खिडकी ४५०० चौसेमी आणि कुशीच्या दोन मिळून २ × ३७५० = ७५०० चौसेमी, म्हणजे एकूण १२००० चौसेमी, अर्थात १.२ चौमी. येथे एककाचे रूपांतर जपून करावे. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात, पण एका चौरस मीटरमध्ये १०० × १०० = १०,००० चौरस सेंटिमीटर असतात; शंभराने भागणारा विद्यार्थी १२० चौमी असे उत्तर लिहितो आणि तेवढ्या वाळ्यात दोनतीन खोल्यांच्या भिंती झाकल्या जातील हे त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरा प्रश्न बाहेरून रंग देण्याचा. सहाही पृष्ठांचा हिशेब २ × (७० × ६० + ६० × १०० + ७० × १००) = २ × १७२०० = ३४४०० चौसेमी होतो. कूलर स्टँडवर ठेवलेला असून तळाला रंग द्यायचा नाही असे धरले तर ७० × ६० = ४२०० वजा होऊन ३०२०० उरतात. तीन खिडक्यांचे १२००० वजा केले की १८२०० राहतात. पंख्याच्या भोकाची त्रिज्या २१ सेमी, म्हणून त्याचे क्षेत्रफळ २२/७ × २१ × २१ = १३८६ चौसेमी; तेही वजा केल्यावर १६८१४ चौसेमी, म्हणजे सुमारे १.६८ चौमी पत्रा रंगवायचा आहे असे ठरते. सूत्राने आलेल्या ३४४०० च्या निम्म्याहूनही हे कमी आहे. पत्रा आतूनही रंगवायचा असेल तर त्याच भागांची दुसरी बाजूही मोजावी लागेल, आणि पाणी साठते तो तळ आतून रंगवायचा की नाही हे पुन्हा ठरवावे लागेल. पातळ पत्र्याला दोन बाजू असतात ही साधी गोष्ट उदाहरणांत वारंवार निसटते. ‘आतून व बाहेरून’ हे शब्द दिसताच त्यांखाली रेघ ओढावी.

असे उदाहरण सोडवताना वहीत तीन रकाने करावेत: पृष्ठाचे नाव, ते मोजायचे की नाही, आणि मोजायचे असल्यास त्याचे क्षेत्रफळ. खोलीच्या भिंतींना चुना लावणे, उघडी टाकी, वरून झाकण नसलेला ट्रंक, सारे याच रकान्यांत बसते. ४ भिंतींपुरताच प्रश्न असेल तर त्या चारही भिंती उलगडून एका ओळीत ठेवाव्यात. त्यांचा एक लांबच लांब आयत होतो, ज्याची लांबी जमिनीच्या परिमितीएवढी आणि रुंदी खोलीच्या उंचीएवढी असते. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीच्या भिंती २ × (१२ + १०) × १० = ४४० चौरस फूट भरतात; त्यातून दार-खिडक्या वजा कराव्यात.

परिमिती गुणिले उंची

वरचा लांब आयत नीट समजला तर पुढच्या निम्म्या पाठाचे काम झाले. कोणत्याही सरळ उभ्या चितीच्या बाजूंचे पृष्ठफळ तळाच्या परिमितीला उंचीने गुणून मिळते, मग तळ आयत असो, त्रिकोण असो, षट्कोन असो की वर्तुळ. एकूण पृष्ठफळासाठी त्यात दोन तळांची क्षेत्रफळे मिळवायची.

त्रिकोणी चितीचे उदाहरण तंबूचे घ्यावे. पुढच्या त्रिकोणाचा पाया ६ मी, दोन तिरप्या बाजू प्रत्येकी ५ मी, त्रिकोणाची उंची ४ मी आणि तंबूची लांबी ९ मी. दोन त्रिकोण मिळून २ × १/२ × ६ × ४ = २४ चौमी. बाजूंचे तीन आयत (६ + ५ + ५) × ९ = १४४ चौमी. एकूण १६८ चौमी, आणि जमिनीवर कापड अंथरायचे नसेल तर ५४ वजा करून ११४ चौमी कापड. येथे ४ आणि ५ यांची अदलाबदल फार होते. त्रिकोणाच्या क्षेत्रफळात पायावर लंब असलेली उंची लागते आणि आयताला तिरपी बाजू लागते. घडण काढून त्यावर मापे लिहिणारा विद्यार्थी या जागी चुकत नाही.

वृत्तचितीत तळाची परिमिती म्हणजे परीघ. पत्र्याच्या डब्यावरचा कागद उभ्या रेषेत कापून सोलून काढला की तो आयत असल्याचे दिसते. त्याची एक बाजू डब्याच्या उंचीएवढी आणि दुसरी परिघाएवढी, म्हणून वक्रपृष्ठफळ = २ × पाय (π) × त्रिज्या × उंची. त्रिज्या ७ सेमी आणि उंची २० सेमी असलेल्या डब्यासाठी ते २ × २२/७ × ७ × २० = ८८० चौसेमी येते; दोन्ही वर्तुळे मिळून २ × १५४ = ३०८ चौसेमी आणि एकूण ११८८ चौसेमी. पाइपला दोन्ही वर्तुळे नसतात, बादलीला एक नसते. मैदानावर फिरणाऱ्या रोलरच्या एका फेऱ्यात त्याच्या वक्रपृष्ठाएवढीच जमीन दाबली जाते. उदाहरणात व्यास दिला आहे की त्रिज्या, हे वाचताच लिहून ठेवावे. त्रिज्या ७ च्या पटीत असेल तर पायसाठी २२/७ घ्यावे, एरवी ३.१४ सोयीचे पडते.

वृत्तचितीचे उत्तर तपासण्याचा एक सुरेख मार्ग आहे, तो पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. डबा अगदी घट्ट बसेल असा चौरस तळाचा खोका मनाशी धरावा. वरच्या डब्यासाठी त्याची मापे १४ × १४ × २० सेमी होतात. खोक्याच्या चार उभ्या बाजू ११२० चौसेमी आणि दोन तळ ३९२ चौसेमी, एकूण १५१२. आता ८८० ला ११२० ने, ३०८ ला ३९२ ने किंवा ११८८ ला १५१२ ने भागा. तिन्ही वेळा ११/१४ हेच उत्तर मिळते. वृत्तचिती उंच असो वा बुटकी, तिचे पृष्ठफळ त्या खोक्याच्या पृष्ठफळाच्या ११/१४ पट, म्हणजे पाऊण पटीहून किंचित जास्त असते. खोक्याचे पृष्ठफळ तोंडी काढून त्याचा पाऊण भाग घेतला की खरे उत्तर त्याच्या थोडेसेच वर असले पाहिजे.

टोकदार आकृत्या

सूची (पिरॅमिड) आणि शंकू यांत एकच सावधगिरी महत्त्वाची: पृष्ठफळाला टोकापासून तळाच्या कडेपर्यंत पृष्ठावरून मोजलेली तिरकस उंची लागते, सरळ उभी उंची नव्हे. चौरस सूचीचा तळ १० सेमी बाजूचा आणि उभी उंची १२ सेमी असेल तर तळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ५ सेमी, आणि पायथागोरसच्या सिद्धांताने तिरकस उंची २५ + १४४ = १६९ च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १३ सेमी. चार त्रिकोण ४ × १/२ × १० × १३ = २६० आणि तळ १००, मिळून ३६० चौसेमी.

शंकूसाठी फुटाण्यांचा कागदी पुडा उलगडून पाहावा. त्याची वर्तुळपाकळी होते, जिची त्रिज्या शंकूच्या तिरकस उंचीएवढी आणि कंसाची लांबी शंकूच्या तोंडाच्या परिघाएवढी असते. ही पाकळी टोकापासून बारीक फाकांत कापून त्या उलटसुलट मांडल्या की जवळजवळ आयत तयार होतो. त्याची एक बाजू तिरकस उंची आणि दुसरी अर्धा परीघ. म्हणून वक्रपृष्ठफळ = पाय × त्रिज्या × तिरकस उंची. त्रिज्या ७ सेमी आणि तिरकस उंची २५ सेमी असेल तर ते ५५० चौसेमी येते. तळही मिळवायचा असल्यास आणखी १५४.

संत्र्याची साल

गोल उलगडून सपाट करता येत नाही. त्याची घडण नसते. म्हणूनच गोलाचे सूत्र बहुधा सिद्धतेशिवाय दिले जाते, आणि या एका ठिकाणी नागपूरचे विद्यार्थी नशीबवान आहेत, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि हाताने सहज सुटते. शक्य तितके गोल संत्रे निवडावे, कारण बरीच फळे देठाकडे व बुडाकडे किंचित चपटी असतात. ते मधोमध आडवे कापून त्याचा अर्धा भाग कागदावर उपडा ठेवावा आणि भोवती पेन्सिल फिरवून पाच-सहा वर्तुळे काढावीत. मग दोन्ही अर्ध्यांची साल काढून तिचे लहान तुकडे करावेत आणि एक वर्तुळ पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याकडे न जाता ते लावत जावेत. चार वर्तुळे भरतात आणि साल संपते. तुकड्यांमध्ये फटी राहिल्या तर पाचव्यात थोडी साल जाते. फटी कमी ठेवण्यासाठी तुकडे नखाएवढे करावेत. गोलाचे पृष्ठफळ = ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग हे येथे डोळ्यांनी दिसते. त्रिज्या ३.५ सेमी असेल तर एक वर्तुळ ३८.५ चौसेमीचे आणि सगळी साल १५४ चौसेमीची.

हा नियम भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या लीलावतीत स्पष्ट सांगितला आहे. परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते, आणि त्याला चाराने गुणले की चेंडूभोवतीच्या जाळ्याप्रमाणे गोलाला वेढणारे पृष्ठफळ मिळते, असा त्या श्लोकाचा आशय आहे. त्याच्या कितीतरी आधी आर्किमिडीजने गोलाचे पृष्ठफळ त्याच्यावर घट्ट बसणाऱ्या वृत्तचितीच्या वक्रपृष्ठाएवढे असते हे सिद्ध केले होते. वृत्तचितीच्या सूत्रात उंचीच्या जागी २ × त्रिज्या घातल्यावर ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग मिळतोच.

अर्धगोलाच्या बाबतीत पुन्हा रकाने भरावे लागतात. दीक्षाभूमीच्या स्तूपाचा पोकळ घुमट पाहताना बाहेरचे आणि आतले अशी दोन वक्रपृष्ठे ध्यानात घ्यावी लागतात. तारांगणात चित्रे घुमटाच्या फक्त आतल्या पृष्ठावर उमटतात. ७ मी त्रिज्येच्या अर्धगोल घुमटाचे एका बाजूचे पृष्ठफळ २ × २२/७ × ४९ = ३०८ चौमी होईल. भरीव अर्धगोलाला मात्र कापलेले सपाट वर्तुळही असते, म्हणून त्याचे एकूण पृष्ठफळ ३ × पाय × त्रिज्येचा वर्ग.

जोडलेल्या आणि कोरलेल्या वस्तू

दोन वस्तू जोडल्या की जोडाची पृष्ठे दोन्ही वस्तूंतून नाहीशी होतात. ५ सेमी बाजूच्या दोन घनांचे मिळून पृष्ठफळ ३०० चौसेमी, पण ते चिकटवल्यावर झालेल्या इष्टिकाचितीचे २५० चौसेमी. २५ चौसेमीची दोन पृष्ठे आत गेली. वर शंकूच्या आकाराचे छप्पर असलेल्या कणगीला बाहेरून लिंपायचे असेल तर वृत्तचितीचे आणि शंकूचे केवळ वक्रपृष्ठफळ घ्यावे. त्रिज्या ३.५ मी, भिंतीची उंची ५ मी आणि छपराची तिरकस उंची ४ मी असल्यास ११० + ४४ = १५४ चौमी.

वस्तू कोरल्यावर काय होते, हे मुलांना आधी अंदाजाने सांगायला लावावे. १४ सेमी बाजूच्या लाकडी घनाच्या वरच्या पृष्ठात ७ सेमी त्रिज्येची अर्धगोल वाटी कोरली तर लाकूड कमी होते, तरीही पृष्ठफळ ११७६ − १५४ + ३०८ = १३३० चौसेमी, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त होते. यापेक्षाही रंगतदार प्रयोग कपड्यांच्या साबणाच्या वडीवर सुरीने करता येतो. वडीतून १ सेमी बाजूचा लहान घन काढायचा आहे. तो कोपऱ्यातून काढला तर बाहेरचे तीन चौरस जातात आणि आतले तीन उघडे पडतात, त्यामुळे पृष्ठफळ अजिबात बदलत नाही. कडेच्या मधून काढला तर दोन जातात, चार उघडे पडतात आणि पृष्ठफळ २ चौसेमीने वाढते. एखाद्या पृष्ठाच्या मधोमध कोरला तर एकच चौरस जातो, पाच नवे मिळतात आणि वाढ ४ चौसेमीची होते. वडीच्या लांबी-रुंदीची येथे गरजच पडत नाही.